कापणीच्या आठवड्यातलं बूच

१

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नदीवर उघडते. भांडी घासताना मान वर केली की नदी, खाली घातली की भांडी. विल्फ गेल्यापासून माझं जग एवढंच आहे आणि मला ते पुरतं. गावात मला भोचक म्हणतात. म्हणू देत. सगळ्या गावाचं पाणी जिच्या खिडकीसमोरून वाहतं तिने काय डोळे मिटून भांडी घासायची? वरच्या अंगाला कोणाचं बदक सुटलं, कोणाची टोपी उडाली, रविवारी चर्चला न जाता साकवावर बसून कोणी सफरचंद खाल्लं, सगळं माझ्यापर्यंत वाहत येतं. मी बोलावत नाही.

आमची नदी खडूच्या टेकड्यांच्या पोटातून झिरपून येते. पाणी इतकं नितळ, तरी त्यातला मासा दिसत नाही. तळाच्या खडीच्या रंगाचा होऊन बसतो. विल्फ म्हणायचा, "डोरीन, माशाकडे बघू नकोस. खाली खडीवर बघ. मासा लपतो, पण सावलीला लपता येत नाही." त्या माणसाने मला लग्नात धड अंगठीसुद्धा दिली नाही, पण हे एक चांगलं शिकवून गेला.

डावीकडच्या घरात लेनर्ड बलपिट राहतो. पियानोच्या तारा लावायचं काम करायचा, आता घरीच असतो. उजवीकडे क्लेम स्नूक राहायचा, आमचा पाववाला. दोघे शाळेपासूनचे दोस्त आणि शाळेपासूनच भांडत आलेले. भांडणाचा विषय एकच, मासे धरायची पद्धत. लेनर्ड ट्राउटवाला. म्हणजे पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टाकायची, तीही फक्त वरच्या अंगाला, प्रवाहाच्या समोर. खालच्या अंगाला टाकली तर ट्राउटवाले त्या माणसाशी बोलणं सोडतात. क्लेम मात्र बाकीच्या माशांचा भक्त. ग्रेलिंग, डेस, चब, ट्राउटवाल्यांच्या लेखी सगळी खालची जात. त्याचं साधन म्हणजे एक बूच, बुचाखाली गळ, गळाला गांडूळ. ते प्रवाहाबरोबर खाली खाली जाऊ द्यायचं. उन्हाळाभर नदी ट्राउटवाल्यांची, क्लेमला पाण्याला हात लावायची मुभा फक्त थंडीत.

"उकिरड्यावरची कोंबडी जे खाते ते हा माशाला घालतो," लेनर्ड म्हणायचा.

"आणि हा माशाला बायकांच्या टोपीवरचं पीस घालतो," क्लेम म्हणायचा. "मासा उपाशी मरेल, पण दिसेल ऐटदार."

साकवाजवळच्या एकाच बाकावर दोघे बसायचे. एकाचं तोंड वर, एकाचं खाली.

थंडीत क्लेमचं बूच खाली जाऊन गवतात अडकलं की लेनर्ड काठाकाठाने जाऊन ते सोडवायचा. आमच्याकडे ही रीतच आहे. वरच्या माणसाचं अडकलं तर खालच्याने सोडवायचं आणि दोऱ्याला दोन हलके हिसके द्यायचे. म्हणजे, सुटलं बाबा, आता घे ओढून. वरचा माणूस एक हिसका देतो. म्हणजे, आभारी आहे. ओरडायचं नाही, ओरडलं की मासे पळतात. हे कोणी शिकवत नाही. मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवायला जसं आपण शिकतो, तसंच हेही.

क्लेम फेब्रुवारीत गेला. छातीचं दुखणं, वय, त्यात काही गूढ नव्हतं. त्याला शेवटचा कोट चढवायला मीच होते. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा असा वास येत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग खरंच पाणी आलं. शवपेटी बंद करायच्या आधी लेनर्ड पुढे झाला आणि क्लेमच्या वरच्या खिशात त्याने एक बूच सरकवलं. हंसाच्या पिसाची दांडी, वर लाल टोपी. तो लाल रंग माझ्या पुढच्या दाराचा; विल्फने रंगवून उरलेला डबा क्लेमने मागून नेला होता.

"लेनर्ड, तिकडे नदी असेल का रे?" मी विचारलं.

"नसली तर हा देवाला खणायला लावेल," लेनर्ड म्हणाला.

२

जूनमध्ये पाणगवताची कापणी असते. ठरलेल्या आठवड्यात वरपासून खालपर्यंत सगळी नदी एकदमच कापतात आणि कापलेलं गवत सोडून देतात वाहत. पांढऱ्या फुलांसकट हिरवे तराफेच्या तराफे दिवसभर माझ्या खिडकीसमोरून जातात. त्या आठवड्यात कोणी गळ टाकत नाही. टाकून काय करणार? हाताला गवत येईल.

नदीचा राखणदार रोलंड वॉटरिज कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून लांब दांड्याचं पातं फिरवत होता. मी त्याला सरबत नेऊन दिलं.

"पॉथेकरीबाई, सरबत देता की बातमी काढता?"

"दोन्ही. तुझ्या बायकोचे दिवस भरत आले म्हणे?"

"बघा. मला अजून आईनेसुद्धा विचारलं नव्हतं."

हसत हसत मी घरात आले आणि खिडकीशी चहाचं भांडं विसळायला घेतलं. संध्याकाळचे सहा वाजले असतील, पण जूनचं ऊन, चांगलं वर होतं. गवताच्या तराफ्यांमधून एक लाल ठिपका येत होता.

बूच. मला आधी हसू आलं. ट्राउटवाल्यांच्या नदीत, भर जूनमध्ये, त्यातही कापणीच्या आठवड्यात बूच! लेनर्डला सांगितलं तर झीट येऊन पडेल. वर कुठेतरी थंडीतलं एखादं झाडात अडकलेलं असेल, फांदी तुटली असेल, आलं वाहत. मी भांडं पालथं घातलं आणि पुन्हा वर बघितलं.

बूच अजून खिडकीसमोरच होतं. त्याच्याबरोबर आलेला तराफा पुढे गेला होता. मागचा आला, तोही त्याच्या अंगावरून पुढे गेला.

मी फार शिकलेली नाही, पण चाळीस वर्षं या खिडकीत उभी आहे. मोकळं सुटलेलं बूच पाण्याच्या चालीने जातं. ज्याचा दोरा कोणीतरी धरलेला असतो तेच सावकाश जातं. क्लेम बोटाने रीळ दाबून दोरा जरासा रोखायचा, म्हणजे आमिष बुचाच्या पुढे राहतं आणि माशाला आधी तेच दिसतं. तेव्हा शेजारची पानं पुढे निघून जातात आणि बूच मागे राहतं, अगदी असंच, थोडं मागे कलून, कोणाची तरी वाट बघत चालल्यासारखं.

मी बाहेर जाऊन वरच्या अंगाला बघितलं. रोलंड सामान आवरून गेला होता. साकवावर कोणी नव्हतं. बाकावर कोणी नव्हतं.

परत आत आले तर बूच थांबलं होतं. भर प्रवाहात, जागच्या जागी. मग ते पाण्याच्या उलट, वरच्या अंगाला, हळूहळू निघून गेलं.

३

दुसऱ्या दिवशी मी मटाराचं सूप घेऊन लेनर्डकडे गेले. सूप निमित्तच होतं, त्यालाही माहीत होतं.

"काय आणलंस, डोरीन?"

"सूप."

"आणि काय सांगायला आलीस?"

मी सांगितलं. वाटलं होतं तो खवळेल, ट्राउटवाल्यांचे नियम म्हणून दाखवेल. पण तो चमचा सूपमध्ये नुसता फिरवत राहिला.

"लाल कसा? गाजरासारखा की विटेसारखा?"

"माझ्या दारासारखा."

"क्लेमने तसली कितीतरी केली होती," तो म्हणाला. "निम्मी हरवली. नदीभर पडली असतील."

"असतीलच की. पण सुटलेलं बूच मागे राहतं का रे? आणि उलटं जातं का?"

"शेजारच्या गावातला कोणीतरी मस्करी करत असेल."

"असेल."

"किंवा खाली भोवरा असेल. कापणीनंतर पाणी वाटा बदलतं."

"तेही असेल."

आम्ही दोघांनी अशी सगळी शहाणपणाची उत्तरं संपवली. मग लेनर्डने विचारलं, "किती वाजता म्हणालीस?"

४

त्या संध्याकाळी तो माझ्या मागच्या पायरीवर येऊन बसला. माझी मागची पायरी सरळ नदीत उतरते. पूर्वी बायका तिथे कपडे धूत. मी वर उभी, हातात लसणाची पात. घरातलं काहीतरी काम हातात असलं की मला धीर येतो.

बूच आलं. सावकाश, गवत पुढे जाऊ देत. समोर आलं, काठाकडे वळलं आणि पायरीच्या कडेला उगवलेल्या झुडपात अडकलं.

"लेनर्ड, राहू दे," मी म्हटलं. का म्हटलं, मला सांगता येणार नाही.

पण तो वाकलासुद्धा होता. वाकायच्या आधी त्याने काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. कोणाचं तरी अडकलंय आणि आपण खाली आहोत, एवढंच. पंचावन्न वर्षं तो हेच करत आला होता. त्याने बूच सोडवून हातात घेतलं. खाली शिशाचा मणी होता. गळ नव्हता.

"हे काय?" मी म्हटलं. "गळाशिवाय कोण मासे धरतं?"

दोऱ्याच्या टोकाला एक छोटा वेढा बांधला होता. पुडकं उचलायला आपण वेढा ठेवतो ना, बोट जाईल एवढा, तसा. लेनर्डने त्यात बोट घातलं आणि सवयीने दोन हलके हिसके दिले.

मग आम्ही वाट बघत राहिलो. दोरा पाण्यातून वरच्या अंगाला गेलेला दिसत होता, पाण्याला बारीक चीर पाडत, साकवाखालून पलीकडे.

लेनर्डचं बोट हललं. त्याने हलवलं नाही. तारा लावणाऱ्या माणसाचं बोट, त्याला दोऱ्यातलं सगळं कळतं. त्याचा चेहरा असा उजळला की मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"डोरीन," तो म्हणाला, "तो आहे तिकडे."

त्याने बोट सोडवलं, बूच पाण्यावर ठेवलं, आणि ते उलटं निघून गेलं. मी त्याला आत नेऊन चहा दिला. पेला घेताना त्याच्या बोटांचा वास आला. नदीचा नव्हता, डांबराच्या गोळ्यांचा होता. आता जूनमध्ये गरम कपडे पेटीत ठेवायचे दिवस, त्याने सकाळी स्वेटर आवरले असतील. मी त्याला विचारलं नाही. मी, डोरीन पॉथेकरी, विचारायचं टाळलं, यावरून काय ते समजा.

५

त्यानंतर लेनर्ड माझ्या पायरीवर येईनासा झाला. सहाच्या सुमारास त्याचं मागचं फाटक वाजायचं आणि तो रबरी बूट घालून पाण्यात उतरायचा. खाली नव्हे, वर. बूच आलं की बोटात वेढा घालायचा आणि दोरा धरून वरच्या अंगाला चालू लागायचा. तो चालेल तसा समोरचा दोरा गोळा होत जायचा, ढिला पडायचा नाही. मग काही वेळाने परतायचा आणि दुसऱ्या दिवशी थोडा आणखी वर जायचा.

"कुठवर गेला होतास?" मी कुंपणावरून विचारायची.

"आडव्या विलोच्या झाडापर्यंत."

"दोरा काठावर कुठे येतो का?"

"नाही गं. पुढेच जातो."

"क्लेमच्या रिळावर एवढा दोरा होता तरी का?"

"तुला सगळ्याचं माप लागतं," तो हसून म्हणायचा.

वाईट हे की तो आनंदात होता. बायको गेल्यावर, मग क्लेम गेल्यावर, हा माणूस वाळत चालला होता. माझ्या सूपावर आणि माझ्या बडबडीवर जगत होता म्हटलं तरी चालेल. आता गुणगुणायला लागला. दाढी रोज करायचा. एक दिवस त्याने आपलं चांगलं चहाचं भांडं मला आणून दिलं, निळ्या फुलांचं. "माझ्याकडे पडूनच असतं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मांजर आणून सोडलं. "तुझ्याकडेच जेवतं तसंही."

माणूस घर आवरतोय हे भोचक बाईला सगळ्यात आधी कळतं.

रोलंड फाटकाशी थांबला तेव्हा मी मुद्दाम नदीचा विषय काढला. "यंदा ट्राउट कसे आहेत रे?"

तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "पॉथेकरीबाई, कोणाला सांगू नका. साकवापासून वर बंधाऱ्याच्या झडपांपर्यंत एक मासा नाही. ट्राउट नाही, ग्रेलिंग नाही, काटेरी बोटभर मासासुद्धा नाही. पाणी चांगलं आहे, माश्या निघतायत, खायला कोणी नाही. बगळासुद्धा उभा राहत नाही तिथे."

"आजार?"

"आजार असता तर मेलेले दिसले असते. हे सगळे नुसते निघून गेलेत."

त्या संध्याकाळी लेनर्ड परतला तेव्हा मी कुंपणाशीच उभी होते. त्याचे ओठ निळे पडले होते.

"आज झडपांच्या डोहापर्यंत गेलो," तो म्हणाला. "उद्या डोहात उतरायचं. फार लांब नाही आता तो."

"त्या डोहाला तळ नाही, लेनर्ड. रोलंडसुद्धा उतरत नाही."

"क्लेम आहे ना. धरेल."

"तो काही बोलतो का रे तुझ्याशी? म्हणजे, कळतं कसं तुला?"

"तू पण वेडीच. बोलायचं काय त्यात? मी हिसके देतो, तो उलट देतो. रोज. न चुकता दोन."

"दोन?"

"दोन," तो म्हणाला, आणि गुणगुणत घरात गेला.

६

त्या दोनने माझी झोप घालवली.

क्लेम स्नूक रीतीचा पक्का होता. पाव हातात ठेवताना "घ्या" म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. वरच्या माणसाने एकच हिसका द्यायचा. इतक्या हिवाळ्यांत त्याने कधी दोन दिले नाहीत. लेनर्डला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत, पण ज्याला आपलं माणूस परत मिळतं तो हिसके मोजत बसत नाही.

दोन कोण देतं? खालचा. दुसऱ्याचं अडकलेलं ज्याने सोडवलंय तो. सुटलं बाबा, आता ये.

पावाला लोणी लावता लावता माझा हात थांबला. आपल्याला वाटतं आपण खाली आहोत आणि दोरा वरून आलाय. तिकडून बघणाऱ्याला तसं वाटत नसेल. त्याच्या लेखी अडकलेलं बूच लेनर्ड असेल.

कदाचित मी मूर्ख असेन. एकटी बाई, खिडकी, जूनचं ऊन, माणसाला काय काय सुचतं. असा विचार करतच मी दिवस काढला, आणि सहाच्या आधी एप्रनच्या खिशात स्वयंपाकघरातली कात्री टाकून काठाने वर चालू लागले.

डोहापाशी पोचले तेव्हा तो कमरेपर्यंत पाण्यात होता. झडपांवरून पाणी पडत होतं, पण त्याचा आवाज मला येत नव्हता. आता विचार करते तेव्हा हे आठवतं. तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

"लेनर्ड!"

"ओरडू नकोस," तो मागे न बघता म्हणाला. "मासे पळतील."

"मासे नाहीत इथे. रोलंडला विचार."

"डोरीन, घरी जा. सूप उतू जाईल."

"सूप गेलं खड्ड्यात. मला एक सांग. क्लेमने तुला कधी दोन दिले होते? एकदा तरी?"

तो थांबला. पाणी त्याच्या बरगड्यांना लागत होतं. मी चपला काढल्या आणि स्कर्टसकट पाण्यात उतरले. मे असो, जून असो, आमचं पाणी हाडात शिरतं. मी त्याची बाही धरली.

"सवय बदलली असेल त्याची," तो अगदी हळू म्हणाला. लहान मुलाने म्हणावं तसं.

"क्लेमची? ज्याने पंचावन्न वर्षं तीच टोपी घालून पाव भाजले?"

त्याच्या बोटातला वेढा मांसात रुतला होता. दोरा त्याच्या पुढे वर गेला होता आणि मग खाली, डोहात. सरळ. काठाकडे नाही, झाडाकडे नाही. आणि मी सवयीने, विल्फने शिकवलं म्हणून, पाण्याकडे बघितलं नाही. तळाकडे बघितलं.

ऊन आमच्या मागून येत होतं. डोहाच्या काठाची खडी पांढरी दिसत होती. तिच्यावर लेनर्डची सावली होती. माझी सावली होती, फुगलेल्या स्कर्टची. आणि पुढे, जिथून तळ खोल जातो, तिथे एक उभी, लांबच लांब सावली होती. तिच्या वर पाण्यात काही नव्हतं. पाणी नुसतं नितळ. सावलीचा एक हात कोपरापाशी वाकलेला होता आणि रिळावर दोरा गुंडाळावा तसा गोल गोल फिरत होता, घाई न करता.

क्लेम बुटका होता. उन्हात बुटक्याचीही सावली लांब पडते, हे मला कळतं.

मी कात्री काढली.

"नको," लेनर्ड म्हणाला. पण त्याने हात मागे घेतला नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्याने हात माझ्यापुढे धरला.

मी बुचाच्या वरच्या बाजूला दोरा कापला. तो ताणलेल्या तारेसारखा वाजला. झडपांवरच्या पाण्याचा आवाज एकदम कानात भरला. कापलेलं टोक पाण्यावर क्षणभर तरंगलं, मग वरच्या अंगाला सरकत डोहात गेलं, संध्याकाळी माणूस दिवसाचं काम आवरतो तसं. मी पुन्हा खडीवर बघितलं नाही. कोणी मला भोचक म्हणतं तेव्हा मला हे आठवतं.

७

लेनर्ड महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मांजर माझ्याकडेच ठेवलं, भांडं परत मागितलं नाही, फाटकाशी दिसले की मान वळवायचा. मला चाललं. मान वळवायला माणूस जिवंत लागतो.

मग एका सकाळी तो दाराशी उभा राहिला. हातात वालाच्या शेंगांची टोपली.

"जास्त आल्यात," तो म्हणाला.

"तुझ्या वाफ्यात? कीड जास्त येते तुझ्या वाफ्यात."

तो हसला आणि आत आला. बोटावर वेढ्याचा वळ होता, पांढरा, अंगठी काढल्यावर राहतो तसा. बुचाचं काय केलं ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. तेव्हापासून तो संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतो, टेबलाच्या त्या बाजूला, पाठ नदीकडे करून. मी निळ्या फुलांच्या भांड्यात चहा करते.

ऑगस्टची दुसरी कापणी आली. रोलंडला मुलगी झाली होती, तो पातं फिरवता फिरवता गात होता. वरचे मासे परत आल्याचं त्याने मला आनंदाने सांगितलं. "डोहापाशी चिकार, बाई. आता फक्त तुमच्या घरासमोरचा तुकडा रिकामा आहे. तिथे का कोण जाणे, येत नाहीत."

संध्याकाळी तराफे वाहू लागले. मी भांडी घासत बघत होते. एक मोठा हिरवा तराफा आला, आणि खिडकीसमोर मधोमध चिरला. दोन भाग दोन बाजूंनी पुढे गेले. मागचा आला, तोही तिथेच चिरला. जिथे चिरत होते तिथे दगड नाही, खुंट नाही.

बूच असतं म्हणजे निदान दोरा कुठवर आलाय ते दिसतं. बूच मीच कापून टाकलं होतं.

दोन-चार दिवसांत गवताचा एक पुंजका तिथे अडकला. मग त्याला दुसरा. पायरीपासून हात लांबवला तर पोचेल इतक्यावर तो आता आहे, प्रवाह दोन्ही बाजूंनी जातोय आणि तो जागच्या जागी. खाली आम्हीच राहतो. सोडवायचं झालं तर आम्हीच. मी पायरीचं दार लावून घेतलंय, पण रोज भांडी घासताना ते दिसतं, आणि हाताला कसंतरी होतं. उभ्या जन्मात कोणाचं अडकलेलं बघून मी असा हात आखडता घेतला नाही.

काल लेनर्ड खुर्ची फिरवून बसला, तोंड नदीकडे करून. टेबलावर त्याचा हात होता, त्यावर मी माझा ओला हात ठेवला आणि तसाच ठेवला. चहा गार होत होता.

गवताचा पुंजका प्रवाहाच्या उलट हलला. एकदा. मग थांबला. बराच वेळ झाला, पुन्हा हलला नाही.

"एक," लेनर्ड म्हणाला. "बघितलंस, डोरीन? एकच."

मी बघितलं होतं. एक म्हणजे क्लेम. एक म्हणजे आभार. पण क्लेम दोन देत नाही, हे डोहापाशी मीच मोठ्याने बोलले होते. माझ्या तळव्याखाली त्याचं बोट वाकायला बघत होतं, आणि मी ते आणखी घट्ट दाबून धरलं. कारण आम्ही अजून काहीच सोडवलं नव्हतं. आभार कशाचे?